ती नेटपाशी उभी होती

गेले सतरा दिवस आमच्या घरात एकच नाव चाललंय. मुलगा म्हणतो, आईला झपाटलंय. नवरा पाहुण्यांना आधीच खुणावून ठेवतो, की हिच्यासमोर बॅडमिंटन हा शब्द काढू नका, चहा गार होईल. मी काय करू? वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला नवीन काही सापडतं तेव्हा ते अंगावर येतं, आणि मला मिसाकी मात्सुतोमो सापडली आहे. ती 2016 मध्येच ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन बसली होती, हे मला माहीत नव्हतं एवढंच!

पण सुरुवातीपासून सांगते.

आमची सकाळी सहाची बायकांची बॅच आहे. सिंहगड रस्त्यावरचा एक पत्र्याचा हॉल, चार कोर्टं, आणि गुडघ्याला पट्टे बांधलेल्या आम्ही दहाबारा जणी. मला मागे पळवत नाही, म्हणून मी कायम पुढे, नेटपाशी. माझी जोडीदार, सोसायटीतल्या वहिनी, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्या मागून दणादण स्मॅश मारतात आणि मी पुढे उभी असते. आता "उभी असते" हे अगदी शब्दशः घ्या. फूल, म्हणजे शटल, डोक्यावरून गेलं की मी मान वळवून बघते, मिळालं का वहिनींना. एके दिवशी सरांचा संयम संपला. म्हणाले, "मॅडम, ही रेशनची रांग नाही. रॅकेट वर! नेटवर उभं राहायचं म्हणजे काय ते घरी जाऊन मात्सुतोमोचं बघा." मला 'मत्सू' एवढंच ऐकू आलं. मी ते हातावर पेनाने लिहून घेतलं, कारण अशी नावं मला भाजी आणेपर्यंत टिकत नाहीत.

संध्याकाळी कुकर लावला आणि मोबाइलवर शोधलं. पहिलाच सामना निघाला तो रिओ ऑलिंपिकच्या महिला दुहेरीच्या अंतिम फेरीचा. मिसाकी मात्सुतोमो आणि आयाका ताकाहाशी, समोर डेन्मार्कच्या क्रिस्टिना पेडरसन आणि कामिला रिटर यूल. मी म्हटलं, पाच मिनिटं बघू. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विचारू नका. त्या दिवशी आम्ही डाळीची पेज जेवलो.

आधी सामना सांगते, मग बाकीचं. पहिला गेम डेन्मार्कने घेतला, 21-18. दुसरा जपानने 21-9 असा एकतर्फी काढला. तिसरा मात्र दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा, इकडे झुकतोय की तिकडे, आणि मग डेन्मार्क 19, जपान 16. म्हणजे डेन्मार्कला फक्त दोन गुण हवेत. मला निकाल माहीत होता बरं का, शीर्षकातच लिहिला होता! तरी मी ओट्याला धरून उभी. आणि तिथून जपानच्या पोरींनी सलग पाच गुण घेतले. सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. डेन्मार्क एकोणीसवरच राहिलं. बॅडमिंटनमध्ये जपानचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. शिवाय 1996 च्या अटलांटापासून लंडनपर्यंत महिला दुहेरीची पाचही सुवर्णपदकं चीनने नेली होती, ती रांगही तिथे तुटली. रिओत तर या प्रकारात चीनला ब्राँझसुद्धा मिळालं नाही, ते कोरियाच्या जोडीने नेलं.

त्या पाच गुणांबद्दल एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. दुहेरीचा नियम असा, की गुण मिळत राहिला तर सर्व्हिस त्याच खेळाडूकडे राहते, फक्त ती डावी-उजवी बाजू बदलते. म्हणजे सतरा झाल्यानंतरच्या चारही सर्व्हिस एकाच हाताच्या. ऑलिंपिकच्या सुवर्णापासून दोन गुणांवर आलेल्या प्रतिस्पर्धी समोर उभ्या आहेत, आणि एकच हात चार वेळा फूल बोटांच्या चिमटीत धरतो, नेटच्या पट्टीला जेमतेम चुकवून पलीकडे सोडतो. माझा हात आमच्या हॉलमध्ये अकरा-अकरा झालं तरी थरथरतो. तेही हरणाऱ्याने चहा पाजायचा एवढ्याच पैजेवर.

आता या सामन्याची तारीख. 18 ऑगस्ट 2016. मी ती बघितली आणि मोबाइल खाली ठेवला. कारण तो दिवस मला घड्याळासकट आठवतो. नारळी पौर्णिमा होती, राखीला भाऊ आला होता, मी नारळीभात केला होता. सकाळी उठल्या उठल्या साक्षी मलिकच्या ब्राँझची बातमी. संध्याकाळी सिंधूची उपांत्य फेरी, जपानच्या नोझोमी ओकुहाराविरुद्ध. आख्खं घर दिवाणखान्यात, भाऊ सोफ्याच्या हातावर. सिंधू 21-19, 21-10 जिंकली आणि आम्ही असे ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्यांनाही नारळीभात दिला. मग टीव्ही बंद केला आणि पानं घेतली.

टीव्ही बंद केला! रिओसेंट्रोच्या त्याच सभागृहात, त्याच दिवशी या दोघींचा अंतिम सामना झाला. एक जपानी मुलगी हरली म्हणून आम्ही नाचलो आणि दोन जपानी मुली इतिहास घडवत होत्या तेव्हा मी लिंबाची फोड शोधत होते.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. मी मागे मागे जात राहिले आणि जिथे जाईन तिथे ही बाई माझ्या डोळ्यांसमोरून आधीच जाऊन आलेली!

मे 2014, दिल्ली, सिरी फोर्ट. उबेर कप, म्हणजे बायकांची सांघिक जागतिक स्पर्धा. भारताने उपांत्य फेरी गाठली होती आणि समोर जपान. सायना जिंकली, सिंधू जिंकली, भारत 2-0 पुढे. आणखी एक सामना घेतला की अंतिम फेरी. तो तिसरा सामना दुहेरीचा होता, ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा उतरल्या, पलीकडे मात्सुतोमो आणि ताकाहाशी. तीन गेम चालला, जपानने घेतला, आणि तिथून पारडं फिरलं ते भारत 2-3 असा हरेपर्यंत. त्या पराभवाची हळहळ मला लख्ख आठवते. कोणाकडून हरलो हे मात्र तेव्हा कोणी विचारलंही नाही.

मार्च 2015, पुन्हा सिरी फोर्ट. इंडिया ओपन. सायना जगात पहिल्या क्रमांकावर पोचली तीच ही स्पर्धा. तिने विजेतेपद घेतलं, श्रीकांतने पुरुष एकेरी जिंकली, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत या दोघांचे मोठे फोटो. महिला दुहेरी कोणी जिंकली? ओळखलंतच तुम्ही.

आणि रिओमध्येही त्या आपल्याला आधीच भेटल्या होत्या. साखळीत ज्वाला-अश्विनी त्यांच्याच गटात होत्या आणि 15-21, 10-21 अशा हरल्या होत्या. म्हणजे दोन वर्षांत तीनदा तरी ही मुलगी माझ्या घरातल्या पडद्यावरून, नाहीतर माझ्या पेपरातून चालत गेली आणि मी दर वेळी तिच्या खांद्यावरून दुसऱ्याच कोणाकडे बघत होते.

आता गंमत अशी, की तिचा खेळच मुळी असा आहे!

पहिल्यांदा तो सामना बघताना मी मात्सुतोमोला पाहिलंच नव्हतं. पाहिली ती ताकाहाशी. ती मागे असते, उंच आहे, उडी मारून स्मॅश करते, कॅमेऱ्याला ती आवडते. दुसऱ्यांदा मी सरांचं ऐकायचं ठरवलं आणि फुलाकडे बघायचंच नाही, फक्त पुढच्या ठेंगणीकडे बघायचं, असा पण केला. करून बघा. भयंकर अवघड आहे. डोळा हट्टाने फुलामागे धावतो. पण दहा मिनिटांनी तो वठणीवर येतो आणि मग जे दिसतं ते… थांबा, आधी थोडं तांत्रिक सांगते, कारण ते कळल्याशिवाय मजा नाही.

दुहेरीत आक्रमण करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघी शेजारी शेजारी. फूल ज्याने वर उचलून दिलं तो बचावात गेला, आणि ज्याला वरून खाली मारायला मिळालं त्याचं आक्रमण. सगळं भांडण एवढ्याचसाठी, की समोरच्याने फूल वर द्यावं. बायकांच्या दुहेरीत स्मॅशवर लगेच गुण मिळत नाही, बचाव इतका चिवट असतो की तीस-तीस, चाळीस-चाळीस फटके चालतात. मागची मारत राहते, मारत राहते, पलीकडच्या परतवत राहतात. मग फरक कशाने पडतो? पुढे उभी असलेली त्या मधल्या क्षणांत काय करते, त्याने.

मात्सुतोमोची रॅकेट कधी खाली येत नाही. नेटच्या पट्टीच्या उंचीला, छातीसमोर, जणू कोणी तिथे टांगून ठेवली आहे. मागे ताकाहाशी मारायला झेपावते तेव्हा ही वळून बघत नाही. (मी बघते! सतरा दिवसांपूर्वीपर्यंत बघत होते.) ती समोरच्या दोघींच्या खांद्यांकडे, मनगटांकडे बघते आणि अर्धं पाऊल सरकते. अर्धंच. फूल परत येतं तेव्हा ती तिथे असते. धावत गेलेली दिसत नाही, तिथेच होती असं वाटतं. मग एक टिचकी. ताकद शून्य. फूल नेटच्या पलीकडे ओल्या फडक्यासारखं पडतं, आणि समोरचीला ते खालून वर उचलून देण्यावाचून इलाज उरत नाही. झालं. ताकाहाशी पुन्हा मारायला मोकळी.

मी शाळेत खो-खो खेळायचे. गडी बाद करणारीचं नाव व्हायचं, तिच्या पाठीवर थाप पडायची. पण खो कधी द्यायचा, पळणारी कोणत्या पाटीपाशी अडकलीय, हे हेरून पाठीत हात मारणारी वेगळीच असायची. आमच्या बाई म्हणायच्या, गडी खो देणारीने मारलेला असतो, दुसरी फक्त हात लावते. तीस वर्षांनी ते वाक्य मला एका जपानी बाईमुळे कळलं.

आणखी पुढचं तर मला चौथ्या-पाचव्यांदा बघताना दिसलं. काही गुण असे असतात की त्यात मात्सुतोमोची रॅकेट फुलाला लागलेलीच नसते. समोरची तिला घाबरून फूल तिच्यापासून लांब, जरा जास्तच लांब न्यायला जाते आणि ते रेषेबाहेर पडतं. किंवा तिच्या डोक्यावरून काढायला जाते आणि ते छोटं पडून ताकाहाशीच्या तोंडात. हिशेबाच्या वहीत तो गुण कुठे लिहिणार? समोरचीची चूक, नाहीतर ताकाहाशीचा स्मॅश. जी नुसती उभी होती तिच्या नावावर काहीच नाही. मी त्या रात्री साडेबाराला उठून वहिनींना हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. त्यांनी सकाळी एक अंगठा पाठवला.

कोण आहे ही? तर जन्म 8 फेब्रुवारी 1992, शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात, आइझुमी नावाच्या गावची. तोकुशिमा जपानात नैसर्गिक निळीसाठी प्रसिद्ध, आइझुमीत तर त्या निळीचं संग्रहालयच आहे. तिथून पंधराव्या वर्षी ही पोर थेट ईशान्येला सेंदाईला शिकायला गेली, सेई उर्सुला गाकुइन एइची या कॅथलिक शाळेत, कारण तिथलं बॅडमिंटन नावाजलेलं. आणि तिथे एक इयत्ता पुढे होती नारा प्रांतातून आलेली आयाका ताकाहाशी. 2007 मध्ये दोघींची जोडी लागली. शाळा संपल्यावर दोघी निप्पॉन युनिसिस या टोकियोतल्या संगणक कंपनीच्या संघात गेल्या. आपल्याकडे कसं कबड्डीचा गडी रेल्वेत नाहीतर बँकेत लागतो, तसंच जपानचं बॅडमिंटन कंपन्यांच्या संघांवर उभं आहे.

जपानात शाळेतला सेनपाई म्हणजे वरच्या वर्गातला, तो जन्मभर सेनपाई. एका इयत्तेचं अंतर तिथे केवढं मोठं! आणि या जोडीत धाकटी पुढे उभी राहून खेळाची दिशा ठरवते, थोरली मागून तिच्यावर विश्वास ठेवून अंग झोकून देते. मला हे फार म्हणजे फार आवडलं. आमच्या जोडीत मी थोरली आहे आणि दिशा वहिनी ठरवतात, पण त्याला कारणं वेगळी आहेत.

आणि नाव! जपानी लोक दुहेरीच्या जोड्यांना जोडनावं देतात. आपण लक्ष्मीकांत-प्यारेलालना एलपी म्हणतो त्यातलाच प्रकार, पण त्यांच्याकडे ही रीतच. कुमिको ओगुरा आणि रेइको शिओता म्हणजे 'ओगुशिओ', 2007 च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलेल्या. सातोको सुएत्सुना आणि मियुकी माएदा म्हणजे 'सुएमाए', यांनी 2008 मध्ये बीजिंगला चीनच्या अव्वल मानांकित जोडीला चीनमध्येच घरी पाठवलं. आणि आपल्या या दोघी 'ताकामात्सु'. ताकाहाशी म्हणजे उंच पूल, मात्सुतोमो म्हणजे पाइनचा सखा. दोघींचं पहिलं अक्षर घेतलं की होतो 'उंच पाइन', आणि योगायोग बघा, शिकोकू बेटावर तोकुशिमाच्या शेजारच्या प्रांतात ताकामात्सु नावाचं शहरच आहे, अगदी त्याच दोन अक्षरांनी लिहिलं जाणारं. हे वाचून मी इतकी खूश झाले, की मुलाला अभ्यासातून उठवून सांगितलं. त्याने विचारलं, "परीक्षेला आहे का?"

एक जोडनाव आपल्या दुखऱ्या जागेवरचं आहे. 'फुजिकाकी', म्हणजे मिझुकी फुजी आणि रेइका काकिइवा. लंडन, 2012. ज्वाला-अश्विनीच्या गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि एका गुणाच्या फरकाने आपल्या मुली बाहेर पडल्या. जपानची जोडी शेवटच्या साखळी सामन्यात तैवानच्या जोडीकडून हरली होती, तो सामना ज्या पद्धतीने खेळला गेला त्यावर भारताने तक्रार केली, ती मान्य झाली नाही. त्याच स्पर्धेत दुसऱ्या गटांतल्या चार जोड्या मुद्दाम हरल्याबद्दल थेट बाद झाल्या, ते प्रकरण तर जगभर गाजलं. फुजिकाकी पुढे जाऊन रौप्य घेऊन आल्या, बॅडमिंटनमधलं जपानचं पहिलंच ऑलिंपिक पदक. मला राग आला होता तेव्हा. खरं सांगते, थोडा अजून आहे. पण त्या वर्षी 'ताकामात्सु' घरीच होत्या, कारण जपानच्या दोन जोड्या त्यांच्या पुढे होत्या. एका देशाच्या फार तर दोन जोड्या ऑलिंपिकला जातात. हा नियम लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

लंडननंतर मात्र काय चढत गेल्या! मुख्य प्रशिक्षक होते कोरियाचे पार्क जू-बाँग, 1992 च्या बार्सिलोनात पुरुष दुहेरीचं सुवर्ण घेतलेले, 2004 पासून जपानच्या संघाबरोबर. ऑक्टोबर 2014 मध्ये ताकामात्सु जागतिक क्रमवारीत पहिल्या. त्याच डिसेंबरात दुबईच्या सुपर सिरीज फायनल्सचं विजेतेपद. मार्च 2016 मध्ये ऑल इंग्लंड! ऑल इंग्लंडची महिला दुहेरी त्याआधी जपानी जोडीने जिंकली होती 1978 मध्ये, म्हणजे मधे अडतीस वर्षं. आणि पाच महिन्यांनी रिओ. त्या वर्षाअखेरीस जागतिक संघटनेने वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान दिला तो या दोघींना मिळून. एकीला देऊन दुसरीला कसं वगळणार होते म्हणा.

जागतिक अजिंक्यपद मात्र कधी मिळालं नाही. 2017 चं ब्राँझ, बस. मला पहिल्यांदा ऐकून धक्काच बसला, एवढं सगळं मिळवलं आणि हे एक राहून गेलं! पण का राहिलं ते शोधायला गेले तर आणखी एक खजिना उघडला. या दोघी जिंकल्या आणि जपानात महिला दुहेरीला असं काही उधाण आलं, की 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना जपानीच. मायु मात्सुमोतो आणि वाकाना नागाहारा दोन्ही वेळा जिंकल्या, युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता दोन्ही वेळा हरल्या, आणि 2019 चा तिसरा गेम 23-21 पर्यंत गेला. (या हिरोतावर मी वेगळं लिहीन. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना पायाला भलामोठा पट्टा चढवून ती टोकियो ऑलिंपिक खेळली. आता इथे तिच्यात शिरले तर मी परत येणार नाही.)

म्हणजे बघा, आता ताकामात्सुंच्या पुढे पुन्हा दोन जोड्या. दोन्ही आपल्याच देशाच्या. टोकियो ऑलिंपिक घरच्या अंगणात, आणि गतविजेत्यांनाच जागा मिळेल की नाही याची खात्री नाही. तशातच कोविड आला, ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं, आणि ऑगस्ट 2020 मध्ये ताकाहाशीने निवृत्ती जाहीर केली. आणखी एक वर्ष शरीर आणि मन ताणून धरणं होणार नाही, असं तिचं म्हणणं. तेरा वर्षांची जोडी थांबली.

इथे मी मोबाइल बंद करून गच्चीवर गेले. हसू नका. सोळा दिवसांपूर्वी मला या बायकांची नावं उच्चारता येत नव्हती.

मग वाटलं, मात्सुतोमोचं काय? अठ्ठावीस वर्षांची, आयुष्यभर जिच्यासाठी फुलं उचलून घेतली ती मागची जागा रिकामी. मी धास्तीनेच पुढचं शोधलं, आणि गच्चीवरच ओरडले. ती मिश्र दुहेरीत गेली! युकी कानेकोबरोबर. आणि मिश्र दुहेरीत बाई कुठे उभी राहते? पुढे. नेटपाशी. 2021 ची ऑल इंग्लंड, मिश्र दुहेरीची अंतिम फेरी, कानेको आणि मात्सुतोमो, समोर जपानचेच युता वातानाबे आणि अरिसा हिगाशिनो. हरले ते, सरळ दोन गेममध्ये. पण मी तोही सामना दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रॅकेट तिथेच होती, छातीसमोर, टांगल्यासारखी.

हॉलमधली माझी प्रगती विचाराल तर सांगते. मान वळवणं बंद झालं आहे. रॅकेट वर असते, निदान पहिली दहा मिनिटं, मग खांदा बोलायला लागतो. परवा फूल माझ्यापासून लांब काढायच्या नादात समोरच्या काकूंनी ते बाहेर घालवलं. वहिनी म्हणाल्या, "चला, फुकटचा गुण!" मी म्हटलं, "फुकटचा कसला हो, मी उभी नव्हते का?" सर कोपऱ्यात हसले. तीन आठवड्यांत त्यांनी मला दिलेली ही एवढीच शाबासकी.

आज रात्रीसाठी दिल्लीचा तो 2014 चा सामना काढून ठेवलाय. उबेर कप, भारत 2-0 पुढे, ज्वाला-अश्विनी विरुद्ध ताकामात्सु. सगळे बघणार आहोत, नवराही, कारण त्याला मी निकाल सांगितलेला नाही. त्याला पुसटसंही आठवत नाहीये. मी भारताच्या बाजूने बसणार, त्यात प्रश्नच नाही. ज्वालाने मारला की ओरडणारही. फक्त जेवणं लवकर उरकायची आहेत आणि मधल्या सोफ्यावरची जागा मला हवी आहे, तिथून पलीकडचं नेट सरळ दिसतं.